अर्धवट पूल रोज उभा ठेवायचा असतो

प्रश्न असा आला आहे: सिव्हिलच्या थर्ड इयरच्या एका मुलाने जम्मू-काश्मीरमधल्या चिनाब रेल्वे पुलाचे व्हिडिओ बघितले आणि विचारलं की एवढ्या अचाट गोष्टी इंजिनियर लोक डिझाइन तरी कशा करतात, सगळं आधीच सॉफ्टवेअरमध्ये कळतं का, आणि काम चालू करताना "हे पडणार नाही" अशी खात्री कुठून येते, शिवाय आपण काय शिकावं.

मी २७ वर्षं पुलांच्या कामात आहे. सुरुवातीची तीन वर्षं डिझाइन ऑफिसात घासली, नंतर सगळा वेळ साइटवर, आणि तेही जास्त करून इरेक्शनला, म्हणजे गर्डर (पुलाची मुख्य तुळई) उचलून किंवा ढकलून जागेवर नेऊन बसवायचं काम. त्यामुळे माझं उत्तर साइटच्या बाजूने झुकलेलं असणार हे आधीच सांगून ठेवतो, एखादा डिझाइनवाला वेगळं सांगेल आणि तोही चुकीचा नसेल.

आता मुद्द्याचं. तू व्हिडिओत बघतोस तो पूर्ण झालेला पूल. कॉलेजातही तोच शिकवतात, हा स्पॅन म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, हे सपोर्ट, हा लोड, काढ बेंडिंग मोमेंट, म्हणजे तुळईला वाकवणारा परिणाम. पण पूर्ण पूल हा त्या स्ट्रक्चरच्या आयुष्यातला सगळ्यात निवांत काळ असतो रे. तीन-चार वर्षं तो अर्धवट असतो, दर आठवड्याला त्याचा आकार बदलतो, सपोर्ट बदलतात, जो भाग दाबात होता तो ताणात जातो, आणि तो प्रत्येक दिवशी उभा राहिला पाहिजे, अगदी संध्याकाळी वादळ आलं तरीसुद्धा. म्हणजे आपण एक पूल डिझाइन करत नाही, शंभर-दीडशे वेगवेगळे पूल डिझाइन करतो आणि त्यातला शेवटचा तेवढा लोकांना दिसतो. मोठ्या कामात डोकं कुठे जातं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगतो.

उदाहरण घरचंच घेऊ. कोकण रेल्वेने रत्नागिरी सोडलीस की थोड्याच वेळात पानवल नदीचा पूल लागतो. (मुंबईजवळच्या पनवेलशी याचा काही संबंध नाही, नाव ऐकून बरेच जण गोंधळतात.) लांबी ४२४ मीटर, उंची ६४ मीटर. आज चिनाबच्या ३५९ मीटरपुढे हा आकडा किरकोळ वाटेल, पण नव्वदच्या दशकात आपल्याकडे रेल्वेचा एवढा उंच पूल ही फार मोठी गोष्ट होती.

आधी हे बघ की असला पूल तिथे लागलाच का. ट्रेनला घाट चढता येत नाही हे त्याचं मूळ. कोकण रेल्वेला चढ ठेवला १५० ला १, म्हणजे एक मीटर वर जायला दीडशे मीटर लांबी पाहिजे, आणि वळणं १२५० मीटर त्रिज्येपेक्षा आवळायची नाहीत, कारण लाइन ताशी १६० किलोमीटरच्या हिशोबाने आखलेली होती. आता कोकणातली जमीन डोळ्यासमोर आण. डोंगर, दरी, खाडी, परत डोंगर. रस्ता असता तर नागमोडी खाली उतरून छोटासा पूल टाकून परत वर चढला असता. रेल्वेला ती सोय नाही, ती डोंगरातून बोगदा काढून बाहेर पडते ती थेट दरीच्या वर हवेत. म्हणून साधारण ७४० किलोमीटरच्या लाइनवर नव्वदच्या वर बोगदे झाले, सगळे मिळून ८४ किलोमीटर भरतात. रत्नागिरीजवळचा करबुडे एकटाच साडेसहा किलोमीटरचा. तर पानवलची उंची कुणाच्या हौसेने आली नाही, १५० ला १ या आकड्याने आली. धाडसी दिसणाऱ्या बहुतेक कामांच्या मागे असा एखादा कंटाळवाणा आकडा बसलेला असतो.

उंची ठरली. आता बांधायचं कसं? आपली नेहमीची पद्धत म्हणजे खालून स्टेजिंग (तात्पुरता आधाराचा सांगाडा) उभं करायचं, वर शटरिंग म्हणजे साचा, सळई, काँक्रीट. ६४ मीटर उंच स्टेजिंग, तेही तीव्र उताराच्या दरीत, आणि कोकणचा पावसाळा. कागदावर काढता येईलही, पण मी तरी त्या स्टेजिंगखाली उभा राहणार नाही. मग गर्डर खाली टाकून क्रेनने उचलायचे? क्रेन दरीत न्यायलाच आधी रस्ता पाहिजे. तिथे जे वापरलं त्याला इन्क्रिमेंटल लाँचिंग म्हणतात, साध्या मराठीत ढकलपूल म्हण हवं तर. भारतात हे तंत्र तिथेच पहिल्यांदा वापरलं गेलं.

कल्पना ऐकायला सोपी आहे. दरीच्या एका टोकाला, पक्क्या जमिनीवर, गर्डरचा एक तुकडा ओतायचा. काँक्रीट पुरेसं धरलं की आतल्या केबल ओढून त्याला दाबात आणायचा आणि जॅकने तो पुढे दरीकडे सरकवायचा. रिकाम्या झालेल्या जागेत त्याला चिकटून मागचा तुकडा ओतायचा, परत ढकलायचं. असं करत करत अख्खा पूल एकाच जागी बनतो आणि पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबांच्या, डोक्यांवरून घसरत समोरच्या काठाला जाऊन टेकतो. काँक्रीटचं सगळं काम एका शेडखाली, पाऊस असो नसो, तीच माणसं, तोच साचा, क्वालिटी एकसारखी. दरीत उतरायचं ते फक्त फाउंडेशन आणि पिअरसाठी.

आता यातला मसाला बघ. गर्डरचं नाक पहिल्या पिअरकडून दुसऱ्या पिअरकडे निघालं की मधल्या ४० मीटरमध्ये त्याच्याखाली काहीच नसतं. पूर्ण झालेल्या सलग गर्डरमध्ये मधल्या सपोर्टवरचा मोमेंट साधारण डब्ल्यू एल स्क्वेअर भागिले १२ असतो (डब्ल्यू म्हणजे दर मीटरचं वजन, एल म्हणजे स्पॅन). पण पुढच्या पिअरला टेकायच्या एक क्षण आधी तोच गर्डर कँटिलिव्हर आहे, म्हणजे एकाच टोकाला धरलेला, मोमेंट डब्ल्यू एल स्क्वेअर भागिले २. सहापट! हे गणित तू सेकंड इयरलाच शिकलायस, फक्त ते कुठे चावतं हे कोणी दाखवलं नसेल. सहापट मोमेंटसाठी गर्डर डिझाइन केला तर तो इतका जाडजूड होईल की स्वतःच्याच वजनाने काम बिघडेल. म्हणून पुढे पोलादी नाक लावतात, लाँचिंग नोज, हलकं, साधारण स्पॅनच्या साठ-सत्तर टक्के लांबीचं. ते आधी जाऊन पुढच्या पिअरला टेकतं आणि जड काँक्रीटचा भाग फार वेळ हवेत राहत नाही. पूल पार गेला की नाक काढून टाकायचं. उद्घाटनाच्या फोटोत ते नसतं, पण त्याच्याशिवाय पूल नसता.

दुसरी गंमत. समजा गर्डरवर एका ठिकाणी खडूने रेघ मारली. ढकलताना ती रेघ कधी पिअरच्या बरोबर वर येते, तेव्हा वरच्या बाजूला ताण. थोड्या वेळाने ती दोन पिअरच्या मध्ये येते, तेव्हा खालच्या बाजूला ताण. पुढच्या पिअरवर परत वरच्या बाजूला. म्हणजे गर्डरच्या जवळजवळ प्रत्येक इंचाला दोन्ही तऱ्हेचा मोमेंट सोसावा लागतो, जो पूर्ण झालेल्या पुलात एका जागी एकाच तऱ्हेचा असतो. म्हणून ढकलताना वर-खाली सारखा दाब देणाऱ्या सरळ केबल लागतात, आणि पूल जागेवर बसल्यावर मग वळणदार केबल ओढून त्याला कायमच्या लोडसाठी तयार करायचं. थोडक्यात त्याला दोनदा डिझाइन करायचं, एकदा प्रवासासाठी आणि एकदा मुक्कामासाठी.

शिवाय घसरवायचं म्हणजे घर्षण आलं. पिअरच्या डोक्यावर गुळगुळीत स्टीलच्या पट्ट्या आणि त्यावर टेफ्लॉनचे पॅड सरकवत राहायचे, मग शंभर टनाला दोन-चार टन जोर पुरतो. पण तो दोन-चार टक्के आडवा जोर उंच पिअरच्या टाळक्यावर बसतो हे विसरायचं नाही. एखादा पॅड कोणी उलटा घातला तर घर्षण भलतंच वाढतं, आणि हे होतं, पॅड सरकवणारा पोरगा रात्री दोन वाजता कंटाळलेला असतो. म्हणून प्रत्येक पिअरवर वॉकीटॉकीवाला माणूस, पिअरचं डोकं किती मिलिमीटर पुढे झुकलं ते बघणारा, ठरलेल्या आकड्याच्या पुढे गेलं की "बंद" म्हणायचं आणि जॅकवाल्याने विचारायचं नाही की का. अजून एक, असा पूल ढकलायचा तर तो सरळ तरी हवा नाहीतर एकाच त्रिज्येच्या वळणावर हवा, कारण त्याला स्वतःच्याच वाटेने सरकायचंय. म्हणजे बांधायची पद्धत पार अलाइनमेंट, म्हणजे मार्गाची आखणी, ठरवणाऱ्याच्या टेबलापर्यंत मागे जाते. आर्किटेक्टने आकार काढला, डिझाइनरने गणित केलं, काँट्रॅक्टरने बांधलं, अशी जी सरळ रांग डोक्यात असते ना, ती मोठ्या कामात टिकत नाही.

चिनाबला पण हेच वेगळ्या रूपात आहे. ४६७ मीटरची पोलादी कमान, आणि कमान म्हटलं की आपण शिकतो की सगळं दाबात. बरोबर, पण पूर्ण झाल्यावर! दोन्ही काठांवरून अर्धी-अर्धी कमान पुढे सरकत असते तेव्हा ती कमान नसतेच, मागून केबलने धरून ठेवलेला कँटिलिव्हर असतो, आणि जो वरचा चॉर्ड (सांगाड्याची लांब मुख्य दांडी) जन्मभर दाबात राहणार आहे तो त्या काळात ताणात असू शकतो. दरीवर आडव्या ताणलेल्या केबल क्रेनने एकेक तुकडा आणून जोडत जोडत एप्रिल २०२१ मध्ये ती मध्यावर जुळली, त्या दिवसापासून ती कमान झाली. लोकार्पण जून २०२५ ला झालं ते ठीक आहे, पण आमच्या धंद्यातली माणसं तारीख विचारली तर जुळणीची सांगतील.

जमिनीबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर अपुरं आहे. स्टील फॅक्टरीत बनतं, काँक्रीटची क्यूब टेस्ट होते, जमीन मात्र देवाने दिली तशी घ्यायची. बोअरहोल म्हणजे काय, अख्ख्या डोंगराच्या पोटात खुपसलेल्या चार सुया. दोन बोअरमध्ये काय आहे ते खणल्यावरच कळतं. चिनाबच्या काठांवरचा डोलोमाइट खडक फटींनी भरलेला, त्यामुळे आधी एक डिझाइन गोठवून ते राबवायचं असं चाललंच नसतं. बंगळुरूच्या आयआयएससीच्या प्रा. माधवी लता तिथल्या उतारांच्या आणि फाउंडेशनच्या कामावर सतरा वर्षं सल्लागार होत्या आणि त्यांनी या पद्धतीला जे नाव दिलं त्याचा अर्थ "जाता जाता डिझाइन" असाच होतो. खणा, खडक उघडा करा, फटी कुठे कशा कलल्यात ते मोजा, खडक धरून ठेवणारे अँकर किती आणि कुठे ते तेव्हा ठरवा. बाहेरच्या माणसाला हे ऐकून वाटतं की म्हणजे यांना आधी माहीत नव्हतं? हो, नव्हतं. माहीत नाही हे माहीत असणं आणि त्यासाठी वेळ, पैसा आणि माणूस बाजूला ठेवलेला असणं हाच तर डिझाइनचा भाग आहे. कोकण रेल्वेलाही खरा त्रास कातळाने दिला नाही. करबुडेसारखे कातळातले बोगदे होऊन गेले, पण गोव्यातला पेडण्याचा बोगदा, लांबी जेमतेम दीड किलोमीटर, मऊ ओल्या मातीतला, त्याने रडवलं. खणलं की वरून ढासळायचं, परत सावरायचं, परत ढासळायचं. आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे लाइन चालू होऊन बावीस वर्षांनी, त्याच बोगद्याची भिंत पडून गाड्या पुणे-मिरजेवरून फिरवाव्या लागल्या होत्या.

आता सॉफ्टवेअर. हो, वापरतो, त्याच्याशिवाय आज दीडशे स्टेजचं गणित कोणी करणार नाही. पण सॉफ्टवेअर तू विचारलेल्याचं उत्तर देतं, न विचारलेल्याचं देत नाही. आणि सगळ्यात मोठी चूक अवघड गणितात होत नाही, ती वजनात होते.

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवरचा क्युबेकचा पूल घे. सुरुवातीला मधला स्पॅन १६०० फूट ठरला होता, नंतर पिअर खोल पाण्यातून जरा किनाऱ्याकडे घ्यायचे म्हणून तो १८०० फूट केला. साडेबारा टक्के वाढ. पण आधी धरलेलं वजन तेच पुढे वापरत राहिले. हे चक्र समजून घे: गर्डर डिझाइन करायला त्याचं वजन लागतं, आणि वजन कळायला गर्डर डिझाइन झालेला लागतो. म्हणून आपण अंदाज घेतो, डिझाइन करतो, खरं वजन काढतो, परत डिझाइन करतो, जुळेपर्यंत. छोट्या स्लॅबला एक फेरी पुरते, मोठ्या स्पॅनला नाही, कारण स्पॅन दुप्पट करून बाकी सगळं त्याच प्रमाणात वाढवलं तरी स्वतःच्या वजनाने येणारा स्ट्रेस दुप्पट होतो. क्युबेकला ती दुसरी फेरी वेळेवर झालीच नाही. खरं वजन १८-२० टक्के जास्त भरतंय हे कळलं तेव्हा बरंच पोलाद कापून तयार होतं, आणि मुख्य सल्लागार थिओडोर कूपर यांनी वाढलेला स्ट्रेस चालवून घ्यायचं ठरवलं.

पुढचं अंगावर काटा आणणारं आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या चॉर्डच्या दाबातल्या मेंबरना बाक दिसायला लागला. एकात पाऊण इंच होता तो सव्वादोन इंच झाला. साइटवर वाद काय चालला होता, तर हे मेंबर आधीपासूनच वाकडे असतील, यार्डात किंवा चढवताना वाकले असतील. साइटवरचा तरुण इंजिनियर नॉर्मन मॅक्लुअर न्यूयॉर्कला कूपरना भेटायला गेला, कारण तब्येतीमुळे ते साइटवर येत नव्हते. कूपरनी तार केली की आणखी लोड चढवू नका, पण ती केली पूल उभारणाऱ्या कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या ऑफिसला, साइटला नाही. २९ ऑगस्टला संध्याकाळी काम सुटायच्या सुमाराला पूल नदीत गेला. ८६ माणसं वर होती, ७५ मेली. त्यात काहनावाके गावचे मोहॉक जमातीचे ३३ पोलाद-कामगार होते, एका गावचे. आणि लक्षात घे, त्या पुलावरून तोवर वाहतुकीची एकही ट्रेन गेलेली नव्हती. तो आपल्याच अर्ध्या अंगाखाली मोडला. तो परत बांधायला घेतला तेव्हा १९१६ ला मधला स्पॅन उचलताना पडला, आणखी १३ गेले. १९१७ ला अखेर पुरा झाला, आणि कँटिलिव्हर पुलांत आजही जगातला सगळ्यात लांब स्पॅन त्याचाच आहे, ५४९ मीटर.

"आधीपासूनच वाकडं असेल" हे वाक्य मी वाचतो तेव्हा मला माझंच एक वाक्य आठवतं. साधारण २००३ ची गोष्ट, एका शहराबाहेर फ्लायओव्हरचा बॉक्स गर्डर (आतून पोकळ, पेटीसारखा) ओतत होतो, स्टेजिंगवर, पावसाळा तोंडावर. काँक्रीट चालू असताना लेव्हल घेणाऱ्या पोराने सांगितलं, साहेब मध्यावर ६ मिलिमीटर खाली आलंय. मी म्हणालो, इन्स्ट्रुमेंट हललं असेल, परत लाव. अर्ध्या तासाने ११. मी परत स्टाफ (उंची मोजायची पट्टी) धरणाऱ्यावर ओरडलो. १७ झालं तेव्हा खाली जाऊन बघितलं तर स्टेजिंगच्या तीन-चार पायांखालचे लाकडी स्लीपर मुरमात रुतत होते, आदल्या रात्रीच्या सरीने भराव मऊ झाला होता, आणि खालचा भराव नीट दाबलेला नाही हे काँट्रॅक्टरच्या माणसाला माहीत होतं, मलाही विचारलं असतं तर कळलं असतं, मी विचारलं नव्हतं. ओतणं थांबवलं, माणसं खाली काढली. वरिष्ठांनी फोनवर जे ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही, पुढच्या आठवड्यात अर्धा स्लॅब ब्रेकरने फोडून काढला, लाखोंचं नुकसान. कोणाला खरचटलंसुद्धा नाही, म्हणून ही गोष्ट कुठल्याच रिपोर्टात नाही. पण पाऊण तास मी एका बरोबर मोजणाऱ्या पोराला चूक ठरवत होतो. तेव्हापासून माझा नियम आहे, न पटणारं रीडिंग आलं की आधी काम थांबतं, मग इन्स्ट्रुमेंट तपासायचं. उलटं नाही.

मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलाचंही सांगतो, थोडक्यात. तिथे पोलादी बॉक्स गर्डर उभा दोन भागांत चिरून बनवला होता, उजवा अर्धा आणि डावा अर्धा, वर नेऊन शेजारी ठेवायचे आणि बोल्टने जोडायचे. वर गेल्यावर दिसलं की मध्यावर एक अर्धा दुसऱ्यापेक्षा ११४ मिलिमीटर उंच आहे. खाली आणून दुरुस्त करायचं तर महिने जाणार. मग उंच बाजूवर काँक्रीटचे जड ठोकळे ठेवून तिला दाबलं, तर पत्र्याला बाक आला. तो बाक काढायला जोडाचे बोल्ट ढिले करत गेले, आणि १५ ऑक्टोबर १९७० ला ते करत असतानाच अख्खा ११२ मीटरचा स्पॅन खाली आला, ३५ माणसं गेली. मला यातलं सगळ्यात ओळखीचं काय वाटतं सांगू? "दाबून बसव". आपल्या प्रत्येक साइटवर हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं. होल जुळत नाही, बार घालून ओढ. गर्डर बसत नाही, जॅक लाव. जे मिलिमीटर जुळत नाहीत ते काहीतरी सांगत असतात, आणि जोर लावून जुळवले की ते नाहीसे होत नाहीत, स्ट्रेस होऊन आत जाऊन बसतात.

म्हणून उंचीचा हिशोब रोज. आपल्या वांद्रे-वरळी सी लिंकचा केबलवाला भाग डोळ्यासमोर आण, मधे १२८ मीटरचा टॉवर, दोन्हीकडे २५०-२५० मीटरचे स्पॅन. काँक्रीटचे तयार सेगमेंट टॉवरच्या दोन्ही बाजूंना तोलून एकेक लावत जायचं, तराजूसारखं. प्रत्येक सेगमेंट लागला की टोक खाली जातं, केबल ओढली की वर येतं, पुढच्या सेगमेंटने परत खाली, आणि आधीच्या सगळ्या केबलींचे ताण त्या प्रत्येक वेळी बदलतात. त्यात काँक्रीट वर्षानुवर्षं सावकाश आखडत राहतं ते वेगळं. त्यामुळे आज टोक कुठे असायला हवं याचं उत्तर "सरळ रेषेत" असं नसतं, "आज ठरल्याइतकं वर, म्हणजे शेवटी बरोबर येईल" असं असतं. आणि असल्या पुलाचं रीडिंग शक्यतो सूर्य उगवायच्या आत घेतात. का ते हिशोबाने बघ: पोलाद एका अंशाला लांबीच्या दशलक्षांश १२ भाग वाढतं, ४६७ मीटर पोलाद ३० अंशांनी तापलं तर जवळपास १७ सेंटिमीटर. दुपारी मोजलेला आणि पहाटे मोजलेला पूल हे दोन वेगळे पूल असतात. आमच्या बायका म्हणतात तुम्हाला पहाटे चारलाच साइट का आठवते, तर हे कारण.

वाऱ्याबद्दल फार लिहीत नाही, अमेरिकेतल्या टॅकोमा पुलाचा व्हिडिओ तू बघितलाच असशील, ७ नोव्हेंबर १९४०, ताशी चाळीसेक मैलांचा वारा, त्यात पूल पिळवटून पडला. तेव्हापासून लांब पुलांची विंड टनेल टेस्ट करतात. चिनाब ताशी २६६ किलोमीटर वाऱ्यासाठी डिझाइन केलाय. फक्त एवढं लक्षात ठेव की अर्धवट पुलाची झुलायची लय पूर्ण पुलापेक्षा वेगळी असते, त्यामुळे त्याची तपासणीही वेगळी करावी लागते.

राहिला खात्रीचा प्रश्न. खात्री एका कुठल्या आकड्यात नसते. आयएस ४५६ मध्ये, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकात, तू शिकतोस, लोडला १.५, काँक्रीटच्या ताकदीला भागिले १.५, सळईला भागिले १.१५. हे आकडे लोडच्या आणि मटेरियलच्या चढउतारासाठी आहेत, कुणी वजनच चुकीचं धरलं, सळई उलट्या बाजूला घातली किंवा बोल्ट काढले त्यासाठी नाहीत. त्यासाठी दुसरा माणूस लागतो. मोठ्या कामात प्रूफ चेकिंग असतं, वेगळ्या ऑफिसातला वेगळा इंजिनियर, शक्यतो वेगळ्या सॉफ्टवेअरवर, पहिल्याचं मॉडेल न उघडता आपलं मॉडेल करतो आणि मग दोघांचे आकडे शेजारी ठेवतात. मी ज्युनियरना त्याच्याही आधी एक करायला लावतो, कॉम्प्युटरचा प्रिंट बघायच्या आधी उत्तर अंदाजे किती येईल ते कागदावर लिहून सही करायची. डब्ल्यू एल स्क्वेअर बाय आठ, पाठीमागच्या पानावर. दहा टक्क्यांच्या आत आलं तर पुढे जा, दुप्पट आलं तर तू चुकलास किंवा मॉडेल चुकलं, आणि निम्म्या वेळा मॉडेलमध्ये सपोर्ट चुकलेला असतो.

आणि लेखी लागतं की थांबवायचं कुणी. पिअर किती झुकलं की बंद, वारा किती झाला की बंद, रीडिंग किती सरकलं की बंद, हे आकडे आधी ठरवून, साइटवर फळ्यावर लिहून, तिथे उभ्या असलेल्या सगळ्यात ज्युनियर माणसाला बंद म्हणायचा अधिकार देऊन. काम चालू असताना ठरवायला गेलं तर काँक्रीटचे ट्रक रांगेत उभे असतात आणि तेव्हा कुणाचंच डोकं जागेवर नसतं, माझंही नव्हतं.

तू काय शिकावंस असंही विचारलं आहेस. सॉफ्टवेअर कंपनी शिकवेल, त्याची चिंता नको. सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल बंक मारू नकोस. जिऑलॉजीला सगळे हसतात, तू हसू नकोस. सुट्टीत कुठल्यातरी साइटवर पंधरा दिवस लेव्हलचा स्टाफ धरून उभा राहा, ऊन लागेल, शिव्या खाशील. आणि एकदा मान्सून सोडून रत्नागिरीच्या पुढे दिवसाच्या गाडीने जा. पानवलचा पूल ४२४ मीटरचा, गाडी साठने असली तर पंचवीस सेकंदांत संपतो, तेव्हा मोबाइल बोगद्यातच हातात काढून ठेव आणि आधी खाली पिअरकडे बघ, दरीचा फोटो राहिला तरी चालेल.